उत्पादक कंपनीचे नाव आधी राखून ठेवावे

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागाईतदारांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढावयाची झाल्यास किमान दहा उत्पादक लागतात. मात्र नोंदणीपूर्वी कंपनीचे नाव मंजूर करून घेणे हिताचे असते.

हा अर्ज केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे संगणकाद्वारे करावयाचा असतो. फी १,००० रुपये आहे. अर्जात पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. नावाच्या शेवटी ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द असलेच पाहिजेत. आधी नोंदलेल्या कंपनीच्या नावाशी अथवा व्यापारचिन्हाशी फार मिळतेजुळते नाव नाकारले जाते. ‘डहाणू’, ‘चिकू’ हे शब्द कोणासही सुचण्याजोगे आहेत. सबब त्यांच्या जोडीस आपला असा वेगळा शब्द योजावा.

मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. मुदत संपण्यापूर्वी जादा फी भरून ती वाढविता येते; अन्यथा नाव मोकळे होऊन दुसऱ्यास मिळू शकते. म्हणून सभासदांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि कंपनीची नियमावली अर्जापूर्वीच तयार ठेवावी.

नाव मंजूर होणे म्हणजे कंपनी स्थापन होणे नव्हे. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या नावाने खोकी, पावतीपुस्तके वा शिक्के करवून घेऊ नयेत. नाव बदलावे लागल्यास तो खर्च सभासदांच्याच माथी बसतो. ग्रामसेवकांनी ही गोष्ट सभासदांस आरंभीच समजावून सांगावी.