अ‍ॅप आणि बॅकएंड : दोन्हीकडे एकच भाषा का?

मोबाइलवर जे अ‍ॅप दिसतं ते निम्मंच काम असतं. बटण दाबलं की माहिती इंटरनेटवरून सर्व्हरकडे जाते. तिथे ती तपासून साठवणारा प्रोग्राम म्हणजे बॅकएंड. हे दोन प्रोग्राम बऱ्याचदा वेगवेगळ्या भाषांत लिहितात. एकाच भाषेत लिहिले तर काय फरक पडतो, ते उदाहरणाने पाहू.

उदाहरण

समजा, पेणजवळच्या रामवाडीतली दोन मुलं हमरापूरच्या एका गणपती कारखान्यासाठी बुकिंगचं अ‍ॅप बनवत आहेत. नियम साधा : निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली मूर्ती नेताना. एकाने अ‍ॅप डार्ट भाषेत लिहिलं, दुसऱ्याने बॅकएंड जावात.

मूर्तीची किंमत २५२५ रुपये. डार्टमध्ये २५२५ ला २ ने भागलं की १२६२.५ येतात. जावात दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर उत्तर १२६२ येतं. पुढचा अपूर्णांक गळून जातो. गिऱ्हाईक फोनवर दिसलेली रक्कम भरतं आणि सर्व्हर म्हणतो, "रक्कम जुळत नाही." ऐन गणपतीच्या तोंडावर बुकिंग अडकतं! गंमत म्हणजे दोघांचंही गणित बरोबरच आहे. भाषांचे नियम तेवढे वेगळे आहेत.

एक भाषा काय देते?

दोन्हीकडे डार्ट असेल, तर आगाऊ रकमेचं फंक्शन एकाच फाइलमध्ये लिहून अ‍ॅप आणि बॅकएंड दोघांनाही वापरता येतं. पन्नास पैसे सोडायचे की पूर्ण रुपया धरायचा, हे ठरवायचं कारखानदारानेच. पण ठरलेला नियम एकदाच लिहावा लागतो आणि बदलायचा झाला तर एकाच जागी बदलतो. दोघंच जण काम करत असतील तर ही मोठी सोय आहे.

कोणत्या भाषा?

• जावास्क्रिप्ट : १९९५ मध्ये ब्राउझरसाठी आली. २००९ मध्ये सर्व्हरसाठी नोड.जेएस आलं, तर २०१५ मध्ये मोबाइल अ‍ॅपसाठी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह.
• डार्ट : गूगलची भाषा, २०११ पासून. अ‍ॅपसाठी फ्लटर वापरतात, सर्व्हरवरही चालते.
• कोटलिन : जेटब्रेन्स कंपनीची. २०१७ मध्ये गूगलने तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला. बॅकएंडही लिहिता येतो.

हे विसरू नका

१. भाषा एक असली तरी प्रोग्राम दोनच राहतात. कॅमेरा फोनकडे, सगळ्यांच्या बुकिंगची नोंद सर्व्हरकडे. डेटाबेससाठी एसक्यूएल बहुतेक वेळा शिकावीच लागते.

२. अ‍ॅपने रक्कम तपासली म्हणून सर्व्हरने डोळे मिटून मान्य करायची नाही. अ‍ॅपला वगळूनही कुणी सर्व्हरकडे खोटी माहिती पाठवू शकतं. म्हणून तेच फंक्शन सर्व्हरवर पुन्हा चालवायचं.

३. सर्व्हरवरचा नियम तुम्ही आज बदलाल, पण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये महिनाभर जुनंच अ‍ॅप असू शकतं. तेव्हा एक भाषा असूनही हिशेब चुकेल. म्हणून अ‍ॅपने आपला आवृत्ती क्रमांक सर्व्हरला कळवावा.

थोडक्यात, एका भाषेचा खरा फायदा कमी टायपिंगमध्ये नाही. नियम एकाच ठिकाणी राहतो, यात आहे.

करून पहा : ७ ला २ ने भागणारी ओळ जावा, डार्ट आणि जावास्क्रिप्टमध्ये चालवा. तिन्ही उत्तरं वहीत लिहा आणि वेगळं कोणतं, का, ते सांगा.