बॉनेट उघडत नसेल तर...

स्टिअरिंगखालची लिव्हर ओढली, की तारेच्या केबलमार्फत मोटारीच्या पुढच्या जाळीमागचे कुलूप सुटते. या तारेची आठवण सर्व्हिसिंगच्या वेळी सहसा कोणाला होत नाही. पावसाळ्यातील ओलाव्याने ती गंजते, आणि नेमकी बॅटरी उतरलेली असताना दगा देते. अशा वेळी फटीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून जोर लावू नये. पत्रा वाकतो, कुलूप तसेच राहते.

प्रथम एकाने लिव्हर ओढून धरावी आणि दुसऱ्याने बॉनेटची पुढची कड, कुलपाच्या बरोबर वर, तळहातांनी दाबून सोडावी. कुलूप नुसते अडकले असेल तर बहुधा एवढ्यानेच सुटते. लिव्हरच मोडली असेल, तर आतल्या तारेचे टोक पक्कडीत धरून सरळ ओढावे. तार कुलपापाशी तुटली असल्यास मात्र जाळीतून किंवा गाडीखालून वाट काढावी लागते. ते काम मेकॅनिककडेच सोपवावे. इंजिन गरम असताना तेथे हात घालणे धोक्याचे, कारण अनेक गाड्यांत रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागतो.

नवी केबल बसवल्यावर, लिव्हर ओढताच कुलूप सुटते याची खात्री बॉनेट उघडे असतानाच करून घ्यावी आणि मगच ते बंद करावे.