पडताळणीवाचून प्रचीती नाही

संशोधनाचे निष्कर्ष विश्वासार्ह कसे ठरतात, हे समजून घेण्यासाठी बडा गणपतीच्या परिसरात जमलेल्या आपणा श्रोत्यांना इंदूरबाहेर जाण्याचे कारण नाही. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. पुढे याच संस्थेत वि. गो. पानसे यांनी कापसावर संशोधन केले आणि १९५४ साली पां. वा. सुखात्मे यांच्या सहकार्याने शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला.

समजा, कापसाचे दोन वाण शेजारच्या दोन वाफ्यांत पेरले व एकाचे उत्पन्न अधिक आले. हे श्रेय वाणाचे की जमिनीचे? माळव्याची काळी जमीनही सर्वत्र सारख्या खोलीची नसते. म्हणून प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावावयाचा आणि कोणता वाफा कोणास, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. पुनरावृत्तीमुळे योगायोगाने पडणाऱ्या फरकाचे माप मिळते. चिठ्ठीमुळे संशोधकाच्या आवडीनिवडीस वाव उरत नाही.

परंतु नुसती पुनरावृत्तीही पुरेशी नाही. उत्पन्नाच्या अंदाजासाठी शेतातील लहानसा तुकडा आखून कापणी करताना सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो. तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा. त्यामुळे उत्पन्न फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखविले. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक घटत नाही. ती केवळ अधिक ठाम दिसते. अन्नटंचाईच्या त्या काळात फुगलेल्या आकड्यावर शिधावाटपाचा हिशेब बेतणे म्हणजे उपासमारीस वाट करून देणे होते. सारांश, पडताळणी दुसऱ्या हाताने व दुसऱ्या पद्धतीनेही व्हावयास हवी.

हा धडा जुना झालेला नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होते. पुनःप्रयोगांत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अपुरे नमुने, आकडे पाहून मग निवडलेले विश्लेषण आणि यशस्वी निष्कर्षच छापण्याची प्रथा, यांतून अशी तफावत उद्भवते.

उपाय कठीण नाहीत. प्रयोगाची योजना आधी लिहून ठेवावी, कृती तपशीलवार द्यावी, आकडे इतरांना तपासू द्यावेत आणि फसलेला प्रयोगही नोंदवावा. शाळेच्या प्रयोगशाळेत अपेक्षित उत्तर येण्यासाठी वहीतील आकडा खोडणारा विद्यार्थी पुढे कोणता संशोधक होईल, याचा विचार आपण शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.