काचा लख्ख, पण पाय घरातच!

डिसेंबर लागला की सातपूरची सकाळ उशिरा उजाडते. पहिल्या पाळीला निघालेली मंडळी कानटोपी-मफलरमध्ये गुरफटलेली, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या आणि घरोघरी एकच विषय, ‘आज निफाडचा पारा किती उतरला?’ मग नऊ-साडेनऊला कोवळं ऊन खिडकीतून आत येतं आणि आपलं लक्ष जातं ते थेट काचेकडे. अगं बाई! दिवाळीत तर घासूनपुसून घेतल्या होत्या, मग एवढी धूळ आली कुठून?

दोष तुमच्या हाताचा नाही, मैत्रिणींनो, ऋतूचा आहे. थंडीत गार हवा जमिनीलगत साचून राहते. त्यामुळे रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा, कारखान्यांचा आणि शेकोट्यांचा धूर वर निघून जात नाही. पहाटे गार काचेवर दव जमतं, त्याला धूळ चिकटते आणि ऊन आलं की तिथेच वाळून बसते. धुऊन काढायला पाऊसही नसतो. म्हणजे रोज नवा थर!

अशाच एका सकाळी मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना म्हटलं, “मावशी, आज तेवढ्या बाहेरून काचा पुसा हं.” आणि मी फोडणी घालायला वळले. थोड्या वेळाने बाहेर येऊन पाहते तर काय, मावशी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, छज्जावर उभ्या! एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात फडकं आणि पायाखालचा छज्जा दवाने ओला. ओरडावं तर त्या दचकतील. कसाबसा आवाज सांभाळत म्हटलं, “मावशी, आत या, चहा झालाय.”

त्या आत आल्या तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. “अहो, बाहेर कशाला गेलात?” तर म्हणाल्या, “ताई, तुम्हीच म्हटलं ना बाहेरून पुसा. मग भाईर गेल्याबिगर कशा पुसायच्या?”

खरंच होतं त्यांचं. काम सांगितलं मी, ते कसं करायचं ते सांगितलंच नाही. छज्जा ऊन-पाऊस अडवायला बांधलेला असतो, माणसाने उभं राहायला नव्हे. त्या दिवसापासून आमच्या घरी नियमच झाला, काच कितीही मळो, पाय घरातच!

मग बाहेरची बाजू पुसायची कशी? सरकत्या खिडकीचा पल्ला बहुतेक वेळा थोडा वर उचलून, खालची कड आतल्या बाजूला ओढली की रुळातून निघतो. पल्ला जड असतो, म्हणून दोघींनी मिळून काढावा आणि खाली जुनी गोधडी अंथरून त्यावर ठेवावा. पण बाहेरून जाळी नसेल, तर वरच्या मजल्यावर हा खटाटोप नको. निसटलेला पल्ला खालच्या माणसाच्या डोक्यावर जाईल. तिथे लांब दांड्याचा वायपर आतूनच वापरावा, आणि हात पोचेल तेवढंच पुसावं. जाळी असेल तर जाळीतून हात घालून काम होतं. बाहेर वाकायची वेळ आली तर तेवढा कोपरा मळका राहू द्या!

आता क्रम. आधी कोरड्या ब्रशने किंवा सुती फडक्याने धूळ झाडायची. थेट पाणी मारलं तर चिखल होतो आणि रेतीने काचेवर चरे पडतात. मग साबणाचं दोन थेंब घातलेलं पाणी, मग स्वच्छ पाणी, शेवटी वायपर वरून खाली आणि कडा जुन्या वर्तमानपत्राने. भर उन्हात काच पुसू नका, पाणी लगेच सुकतं आणि ओघळ राहतात. दव सुकल्यावर, त्या बाजूला सावली असताना करावं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असतात, ते साबणाने हलत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, पाच मिनिटं डागावर ठेवा, मग पुसा. मात्र उंबरा संगमरवरी किंवा कडप्प्याचा असेल तर जपून, आंबट पदार्थाने त्याची चकाकी जाते. संडासाचं अॅसिड तर काचेजवळ आणूच नका, अॅल्युमिनियमची चौकट खराब होते.

रुळातली माती जुन्या टूथब्रशने काढा. रुळाच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. नाहीतर अवकाळी पाऊस आला की पाणी थेट गादीवर! संक्रांतीनंतर जाळीत अडकलेला मांजाही कात्रीने कापून काढा, हाताने ओढू नका. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो सापडतोच. बोटं कापतात आणि पक्षीही अडकतात.

सगळ्या खिडक्या एका दिवसात नाही झाल्या तरी चालेल. दक्षिणेची आधी घ्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊब तिथूनच येते. उत्तरेच्या खिडकीला या दिवसांत ऊन नसतंच, ती सवडीने होईल.

आमच्या मावशी आता आतूनच, लांब दांड्याने काचा पुसतात. वरचा एक कोपरा तसाच राहतो. पाहुणे आले की त्यांची नजर नेमकी तिथेच जाते, जाऊ दे बापडी! त्या कोपऱ्याकडे पाहिलं की मला बरंच वाटतं.