विश्लेषण : संगणक सारखा हँग होतोय… ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करावा की नाही?

डीटीपीची कामे, लग्नाच्या व्हिडीओचे एडिटिंग, दुकानाचे हिशेब, मुलांचा अभ्यास आणि गेम यांसाठी घरोघरी आणि छोट्या व्यवसायांत डेस्कटॉप संगणक अजूनही वापरले जातात. त्यांतले बरेच जुने, सुटे भाग जोडून घेतलेले असतात. ऐन कामात स्क्रीन गोठतो, माऊस हलत नाही आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा वेळी ‘ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट कर’ हा सल्ला हमखास मिळतो. ‘चालतेय त्याला हात लावू नको’ असे सांगणारेही तितकेच असतात. चुकीच्या निर्णयाची किंमत मोठी असू शकते. अर्धवट राहिलेले काम जाते, कधी विंडोजच सुरू होत नाही, तर कधी दोष भलत्याच भागात असताना नव्या ग्राफिक्स कार्डवर हजारो रुपये खर्च होतात. यातला कोणता सल्ला केव्हा लागू पडतो, याचा हा आढावा…

ग्राफिक्स ड्रायव्हर नेमके काय करतो?

विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला तो दुभाष्या असतो. खिडकी उघडणे, व्हिडीओ चालवणे, गेममधले दृश्य उभे करणे या आज्ञा तो चिपला कळतील अशा रूपात पोहोचवतो. एन्व्हिडिया, एएमडी आणि इंटेल या कंपन्या आपापल्या चिपसाठी तो तयार करतात. या ड्रायव्हरचा काही भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतो. एखादे साधे ॲप बंद पडले तर फक्त तेवढेच बंद पडते. कर्नलमधली चूक मात्र सगळा संगणक अडवते किंवा निळा स्क्रीन दाखवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा प्रणालीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, ते याच कारणाने. ग्राफिक्स ड्रायव्हरचाही असा इतिहास आहे. विंडोज व्हिस्टासंबंधीच्या एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के क्रॅश एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरशी संबंधित असल्याचे त्यांतून दिसले.

ग्राफिक्स अडकल्यावर विंडोज काय करते?

व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’ म्हणजे ‘टीडीआर’ ही सोय आहे. ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ती अडकली असे मानून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. वापरणाऱ्याला स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत आलेला दिसतो. याची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ या क्रमांकाने होते. हा प्रयत्न फसला तर ‘व्हिडीओ टीडीआर फेल्युअर’ असा निळा स्क्रीन येतो. हेच काम हातानेही करता येते. स्क्रीन गोठल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्याने चित्र परत आले तर संशय ग्राफिक्सकडे जातो आणि उघडे असलेले काम सेव्ह करण्याची संधीही मिळते. रजिस्ट्रीत जाऊन २ सेकंदांची मुदत वाढवण्याचा उपाय काही जण सांगतात. पण या नोंदी चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी असल्याचे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे आहे. मुदत वाढवल्याने मूळ दोष जात नाही.

दोष ग्राफिक्सचाच आहे, हे कसे ओळखायचे?

स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडतो. कोणत्या दिवशी काय बंद पडले आणि कोणते अपडेट आले, हे त्यात तारखेनुसार दिसते. एखादा ड्रायव्हर बसवल्याच्या दिवसापासूनच हँग होणे सुरू झाले असेल, तर पहिला धागा तिथेच मिळतो. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टम’ नोंदी पाहाव्यात. हँग होण्याच्या वेळेला ४१०१ ही नोंद वारंवार सापडली तर ग्राफिक्सवरचा संशय बळावतो. ‘व्हीआ लॉगर’ या नावाची नोंद असेल तर रोख प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा जोडलेल्या इतर हार्डवेअरकडे असतो. डिस्कच्या चुका दिसत असतील तर आधी डेटाचा बॅकअप घ्यावा. ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात. पण संगणक नीट शटडाऊन न होता बंद झाला, एवढाच तिचा अर्थ असतो. बटण दाबून बंद केल्यावर ती येणारच.

लक्षणेही बोलकी असतात. चित्र गोठले पण गाणे किंवा व्हिडीओचा आवाज पुढे चालू राहिला, तर अडचण बहुधा ग्राफिक्सपुरती असते. आवाजही अडकला आणि कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत नसेल, तर सगळी यंत्रणाच थांबलेली असते. गेम किंवा एडिटिंग करतानाच, तेही अर्ध्या-एक तासाने हँग होत असेल, तर तापमान आणि वीजपुरवठा आधी तपासावा. पंख्यात साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि कमी क्षमतेचा एसएमपीएस ही नेहमीची कारणे. नुसते फोल्डर उघडताना संगणक रेंगाळत असेल, तर हार्ड डिस्क किंवा रॅमकडे पाहावे. रॅम तपासण्यासाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय आहे.

आणखी एक चाचणी बिनखर्चाची आहे. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल, तर संगणक बंद करून, वीज तोडून वेगळे कार्ड काढावे, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावावी आणि दोन-चार दिवस नेहमीचे काम करावे. हँग होणे थांबले तर शोध कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि त्याला लागणारी वीज इथवर येतो. थांबले नाही तर कार्ड बहुधा निर्दोष आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये मात्र ग्राफिक्स नसते.

ग्राफिक्सचा वाटलेला दोष दुसराच निघतो का?

याचे अलीकडचे ठळक उदाहरण इंटेलचे आहे. कंपनीचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम सुरू होतानाच बंद पडत आणि ‘व्हिडीओ मेमरी संपली’ असा संदेश येई. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला आणि ड्रायव्हर बदलून पाहिले. एप्रिल २०२४ मध्ये एन्व्हिडियानेच आपल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात अशा वापरकर्त्यांना इंटेलकडे जाण्यास सांगितले. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने तो कालांतराने अस्थिर होत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती आली, तीही बायोस अपडेटद्वारे. जे प्रोसेसर आधीच बिघडले होते, ते तिने बरे होणार नव्हते. त्यामुळे इंटेलने अशा प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. यात ग्राफिक्स ड्रायव्हर कितीही वेळा बदलला असता तरी उपयोग शून्य होता. उलट, तो बदलत बसण्यात वॉरंटीचा काळ सरला असता.

अपडेटचा आजवरचा अनुभव काय सांगतो?

दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. एएमडीच्या आरएक्स ५७०० मालिकेच्या कार्डांवर काळा स्क्रीन येण्याच्या आणि हँग होण्याच्या तक्रारी होत्या. फेब्रुवारी २०२० मधल्या ड्रायव्हरने त्यांतल्या अनेक तक्रारींवर उपाय दिला. तिथे अपडेट टाळणारा विनाकारण त्रास काढत राहिला असता. याउलट मार्च २०१० मध्ये एन्व्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्यामुळे काही कार्डांच्या पंख्याचा वेग नीट नियंत्रित होत नसल्याच्या आणि कार्ड तापत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरची ‘फॅक्टरी रिसेट’ पद्धतीने स्थापना सुरू असतानाच मागे विंडोज अपडेटही चालू राहिल्याने, क्वचित काही संगणकांचे विंडोज सुरूच होईनासे झाले. आवृत्ती नवी आहे म्हणून ती आपल्या संगणकावर चांगलीच चालेल, असे यावरून म्हणता येत नाही.

मग अपडेट केव्हा करावे?

नोंदी आणि लक्षणे ग्राफिक्सकडे बोट दाखवत असतील, तर अपडेट करावे. नव्या ड्रायव्हरच्या ‘रिलीज नोट्स’मध्ये आपल्या कार्डाचा किंवा आपण वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचा दोष दुरुस्त केल्याचा उल्लेख असेल, तर निर्णय आणखी सोपा होतो. त्याच पत्रकात ‘ज्ञात त्रुटी’ही दिलेल्या असतात, त्या वाचायला विसरू नये.

हँग होणे एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाले असेल, तर पुढे जाण्याऐवजी मागे यावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय असतो. हे अपडेट विंडोजने परस्पर केलेले असू शकते, हेही लक्षात घ्यावे. आणि नोंदी ग्राफिक्सविषयी काहीच सांगत नसतील, तर आधी धूळ, तापमान, एसएमपीएस, रॅम आणि डिस्क तपासावी.

‘हात लावू नको’ हा सल्लाही कायमचा पाळता येत नाही. ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडतात आणि त्या अपडेटनेच बुजतात. जुन्या कार्डांसाठी हा पर्यायही हळूहळू आटतो. उदाहरणार्थ, भारतात भरपूर विकल्या गेलेल्या जीटीएक्स १०५० टीआयसह एन्व्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेसाठी नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देण्याचे कंपनीने जाहीर केले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. अशा कार्डवर हँग होण्याचा दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त होईल, ही आशा कमीच ठेवलेली बरी.

अपडेट करताना कोणती काळजी घ्यावी?

महत्त्वाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. सध्याच्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा आणि ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा ब्रँडेड डेस्कटॉप असल्यास त्या ब्रँडच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी तिसऱ्याच कुणाची सॉफ्टवेअर टाळावीत. विंडोज अपडेट आधी पूर्ण होऊ द्यावे, संगणक रिस्टार्ट करावा आणि मगच ड्रायव्हर बसवावा. एन्व्हिडियाच्या इन्स्टॉलरमधील ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ हा पर्याय जुन्या सेटिंग पुसतो. हे सुरू असताना वीज जाणे धोक्याचे. म्हणून यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळावी. दुसऱ्या दिवशी काम द्यायचे असेल तर आदल्या रात्री हा उद्योग करूच नये.

एका वेळी एकच बदल करावा, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ड्रायव्हर, बायोस आणि रॅम एकाच दिवशी बदलले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. बदलानंतर ज्या कामात संगणक हँग व्हायचा, तेच काम काही दिवस करून पाहावे. रोज हँग होणारा संगणक आठवडाभर नीट चालला, तर उपाय लागू पडला असे मानता येईल. अपडेटनंतर स्क्रीनच आला नाही, तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढता येतो. तिथे विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालते.

तरीही हँग होत राहिल्यास?

जुना आणि नवा, दोन्ही ड्रायव्हर नीट बसवूनही तेच घडत असेल, तर तिसरा शोधण्यात वेळ घालवू नये. त्यानंतर बहुतेकदा हार्डवेअरच तपासावे लागते. तारीख, वेळ, तेव्हा चालू असलेले काम आणि नोंदीचा क्रमांक एका कागदावर लिहून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. कार्ड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी दुसरा एसएमपीएस लावून आणि आपले कार्ड दुसऱ्या संगणकात घालून पाहण्यास सांगावे. या दोन चाचण्यांनंतरच नव्या कार्डसाठी पैसे मोजावेत.