बोहाडा: मोखाड्याच्या मुखवट्यांची रात्र

वसई, नालासोपारा, विरारच्या मजूर नाक्यांवर सकाळी कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडची माणसं बरीच असतात. भात कापून झालं, दिवाळी आटोपली की ही कुटुंबं डोंगरातून खाली उतरतात आणि वीटभट्टीवर, बांधकामावर, मिळेल त्या कामावर राबतात. शिमग्याला घरी जायचं हे ठरलेलंच. पण चैत्र-वैशाखातही एखाद्या गावची माणसं दोन-तीन दिवस कामावर फिरकत नाहीत. रोज बुडतो, तरी ती जातात. गावात बोहाडा उभा राहिलेला असतो.

बोहाडा म्हणजे लाकडी किंवा कागदी मुखवटे बांधून रात्रभर नाचवली जाणारी देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात आणि घाटावर नाशिकच्या त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे तो होतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे आखाडी. सीमेपलीकडे गुजरातच्या डांगात त्याचंच भावंड भवाडा या नावाने नांदतं. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमातींचा त्यात हात असतो. काही गावांत तो तीन रात्री चालतो, काही ठिकाणी पाच किंवा सात. त्यातली शेवटची रात्र मोठी.

काळही शेतीच्या हिशेबाने नेमका निवडलेला आहे. राब भाजून झालेले असतात, पेरणीला पाऊस यायचा असतो, हाताला शेतातलं काम नसतं. पाण्यासाठी हंडे घेऊन लांब जावं लागतं ते याच दिवसांत. अशा वेळी देवाला जागवायचं, पाऊस वेळेवर दे, धान्याला बरकत दे, गावावरची इडापिडा टाळ, असं साकडं घालायचं. बोहाड्याचं मूळ या मागण्यात आहे. ‘लोकनाट्य’ हे लेबल त्याला चिकटवलं जातं ते अपुरं आहे, कारण इथे प्रेक्षक हात जोडून बसतो.

आणि या मागण्यामागे भगत उभा असतो. वारल्यांच्या जगात आजार का आला, गाय का आटली, कोणता देव रुसला, हे तांदळाचे दाणे टाकून पाहणारा तो माणूस. हिरवा देव, नारण देव, वाघदेव, धान्याची आई कणसरी, या सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत होतं. घांगळीच्या तारेवर तो कणसरीची कथा गातो. लग्नात मात्र मान बाईचा: धवलेरी नावाची पुरोहितीण गाणी म्हणत लग्न लावते. अंगात वारा येणं ही इथे घाबरण्यासारखी गोष्ट नव्हे. देव माणसाला भेटतो तो असाच. बोहाड्यात मुखवटा तोंडाला बांधण्याआधी त्याची पूजा होते, नारळ फुटतो. एकदा मुखवटा चढला की ओळखीचा शेजारी शेजारी राहत नाही. बायका त्याला ओवाळतात, म्हातारी माणसंही पाया पडतात.

रात्र चढते तशी सोंगं येऊ लागतात. पहिला मान गणपतीचा, मग मोरावरची सारजा, म्हणजे सरस्वती. त्यांच्यामागून नारद, मारुती, खंडेराव, भीम, नरसिंह, वेताळ, त्राटिका, रावण अशी रांग लागते. पुराणातले देव आणि गावशिवेवरचे देव एकाच वाटेने, एकाच टेंभ्याच्या उजेडात चालत येतात. ही वाटच रंगमंच. गावाच्या एका टोकाला सोंग सजतं आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या लोकांमधून नाचत देवीच्या स्थानाकडे जातं. बहुतेक सोंगं बोलत नाहीत. बोलतो तो संबळ. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी असते आणि संबळ-पिपाणीवाल्यांना ती तोंडपाठ असते. ताल बदलला की पुढे कोण येणार हे अंधारात बसलेल्या पोराटोरांनाही कळतं. गणपतीची पावलं सावकाश पडतात, वेताळाची झेप अंगावर येते. जड मुखवटा बांधलेल्या माणसाला त्याच्या भोकांतून समोरची हातभर जमीन दिसली तरी पुष्कळ, म्हणून मोठ्या सोंगाबरोबर सांभाळणारे असतात आणि टेंभेवाला त्याच्यापुढे उलट्या पावलांनी चालतो.

पहाटेकडे देवी आणि म्हैसासुराची लढाई होते. हा बोहाड्याचा कळस. रात्रभर पेंगणारी माणसं तेव्हा खडबडून उठतात.

मुखवट्यांकडे जवळून पाहायला हवं. जुने मुखवटे उंबर, सावर, पांगारा अशा लाकडात कोरलेले. सावर आणि पांगारा हलके, कोरायला मऊ. नाचणाऱ्याच्या मानेला ते झेपतात. आतली बाजू चेहऱ्याच्या मापाने पोखरलेली, कडेला दोरीसाठी भोकं. बाहेर रंगांचे थर चढलेले, कारण बोहाड्यापूर्वी मुखवटा पुन्हा रंगवतात. जव्हारजवळच्या रामखिंडीसारख्या ठिकाणी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवण्याचं कसब वाढलं आहे. कागद भिजवायचा, कुटायचा, लगदा मातीच्या साच्यावर थापायचा, सुकला की साचा सोडवून रंग द्यायचा. हे मुखवटे आता शहरांतल्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगण्यासाठीही विकले जातात. कारागिराला त्यातून चार पैसे मिळतात हे चांगलंच आहे. पण बोहाड्यातला मुखवटा विकायचा नसतो. अमुक सोंग अमुक घराचं, असा मान पिढ्यांचा असतो. बापाने नाचवलेलं सोंग मुलगा नाचवतो आणि वर्षभर तो मुखवटा घरात जपून ठेवलेला असतो. नाक्यावरचा मजूर रोज बुडवून गावाकडे धावतो तो या मानासाठी. तो गेला नाही तर त्याच्या घराचं सोंग कोण नाचवणार?

याच भागात, याच दिवसांत आणखी एक मोठा उत्सव होतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. वाघाडी गावचा पुजारी रात्रीच्या अंधारात डोंगराच्या अवघड सुळक्यावर चढून ध्वज लावतो आणि तो ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो. संस्थान 1948 साली विलीन झालं, तरी ध्वजाचा मान टिकला. गुजरात आणि दादरा-नगर हवेलीतूनही आदिवासी इथे येतात. देवीचं मूळ ठाणं डोंगरावर आणि माणसं पायथ्याशी; त्या दोघांमधली वाट कोणीतरी दरवर्षी चालायची, असा हा नेम आहे.

अशीच डोंगराची वाट कोरियातही आहे. गांगनुंग शहरात चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवसाभोवती दानोजे हा उन्हाळी उत्सव भरतो. त्याआधी तेग्वल्ल्योंग खिंडीत जाऊन डोंगरदेवाला एका झाडाच्या रूपाने खाली आणतात. देवासाठी मद्य गाळतात आणि त्यासाठी लागणारे तांदूळ गावकरी घरोघरून देतात. मुदांग, म्हणजे तिथल्या भगतिणी, नदीकाठी दिवसेंदिवस गाऊन-नाचून देवाला आळवतात. तिथल्या मुखवट्यांच्या नाटकात एकही संवाद नसतो आणि पूर्वी ते सरकारी गुलाम करत. कोरियाने 1967 साली या उत्सवाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, 2005 मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली आणि 2008 मध्ये तो युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. भारतातून गढवालच्या सलूड-डुंग्रा गावांचा मुखवट्यांचा उत्सव ‘रम्माण’ 2009 मध्ये आणि छाऊ नृत्य 2010 मध्ये त्या यादीत आलं. बोहाडा त्यात नाही. वारली चित्रं जगभर पोचली, जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच मातीतल्या बोहाड्याची ओळख मात्र दीड-दोनशे किलोमीटरवरच्या मुंबईतही मोजक्यांनाच आहे.

यादीत नाव येण्यापेक्षा अधिक निकडीची कामं आहेत. शहरातल्या महोत्सवांत बोहाड्याचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे सादर होतात. त्यात रंग दिसतात, पण रात्र हरवते आणि नवसही. कलाकारांना बोलावणाऱ्यांनी त्यांना चांगलं मानधन जरूर द्यावं, पण बोहाडा पाहायचा तर गावातच, जमिनीवर बसून, देवीची लढाई होईपर्यंत थांबून. सोंग वाटेत असताना त्याच्या तोंडावर कॅमेऱ्याचा प्रकाश टाकू नये. आत माणूस आहे आणि गावाच्या लेखी देवही.

प्रत्येक सोंगाची चाल, तिचा संबळावरचा ठेका, पायांची ठेवण आणि ते कोणत्या घराकडे आहे याची नोंद गावोगावी व्हायला हवी. वाजवणारे म्हातारे होत आहेत आणि हे ठेके कागदावर उतरलेले नाहीत. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा या कामासाठी ठाण्याकडे पाहत बसण्याचं कारण उरलेलं नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत या गावांची मुलं शिकतात. ध्वनिमुद्रणाचं साधं यंत्र हाती दिलं तर आजोबांसमोर ते घेऊन बसायला त्यांच्याइतकं योग्य कोणी नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेत सागाबरोबर पांगारा आणि सावरीचीही रोपं वाढली, तर पुढच्या पिढीच्या मुखवट्यांना लाकूड मिळेल.