गणित मंडळ

गणित मंडळ : शालेय विद्यार्थी किंवा शिक्षक यांनी गणितज्ञांच्या सहवासात नियमितपणे एकत्र येऊन प्रश्न सोडविण्याच्या द्वारे गणिताचा अभ्यास करण्याची व्यवस्था. मंडळाचे काम सामान्यतः शाळेच्या वेळेबाहेर चालते. त्याला ठराविक पाठ्यक्रम नसतो व गुण देण्याची पद्धतही नसते. पाठ्यपुस्तकातील उदाहरण सोडविण्याची रीत विद्यार्थ्याला आधीच सांगितलेली असते. मंडळातील प्रश्नाची रीत मात्र त्याला स्वतः शोधावी लागते. हा फरक या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

इतिहास : या प्रयत्नांचा उगम हंगेरीत आढळतो. ग्यर येथील शिक्षक डॅनियल अरान्य यांनी १८९४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी गणितविषयक मासिक सुरू केले. त्यात प्रश्न देऊन विद्यार्थ्यांकडून उत्तरे मागविली जात व उत्तम उत्तरे नावांसह छापली जात. त्याच वर्षी शालान्त विद्यार्थ्यांसाठी एट्व्हश स्पर्धाही सुरू झाली. लिपोट फेयेर व थिओडोर फोन कार्मान हे या स्पर्धेत प्रारंभीच्या काळात चमकलेले विद्यार्थी पुढे जगद्विख्यात झाले.

सोव्हिएट रशियात १९३४ मध्ये लेनिनग्राड येथे व १९३५ मध्ये मॉस्को येथे शालेय गणित ऑलिंपियाड भरविण्यात आले. त्यांच्या जोडीने विद्यापीठांत मंडळे चालू लागली. प्रारंभी त्यांत प्राध्यापकांच्या व्याख्यानांवर भर असे. डाव्हीड श्क्ल्यार्स्की या तरुण गणितज्ञांनी हा क्रम बदलून विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न सोडवून सिद्धता सर्वांपुढे मांडण्याला प्राधान्य दिले. हीच पद्धत पुढे रूढ झाली. श्क्ल्यार्स्की दुसऱ्या महायुद्धात मरण पावले.

मंडळांचा लाभ मोठ्या शहरांपुरताच राहतो, ही उणीव लवकरच जाणवली. ती दूर करण्यासाठी अंद्रेई कॉलमॉगॉरॉव्ह यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मॉस्को विद्यापीठाशी संलग्न निवासी शाळा निघाली व इझ्राइल गेल्फांड यांनी १९६४ मध्ये दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी पत्रद्वारा शाळा सुरू केली. १९७० पासून क्वांट हे मासिक प्रसिद्ध होऊ लागले. याच देशात १९७० च्या सुमारास व नंतरच्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारण्यासाठी तोंडी परीक्षेत मुद्दाम अतिकठीण प्रश्न घातले जात. अशा विद्यार्थ्यांसाठी बेला सुबोतोव्हस्काया यांनी १९७८ मध्ये अनौपचारिक वर्ग सुरू केले. नामांकित गणितज्ञ तेथे शिकवीत. एकच प्रश्न मुलाला विषयाकडे ओढणारा ठरू शकतो, तसाच त्याला दाराबाहेर ठेवणाराही ठरू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेत रॉबर्ट व एलेन कॅप्लान यांनी १९९४ मध्ये बॉस्टन येथे, तर बल्गेरियन गणितज्ञ झ्वेझ्देलिना स्टँकोव्हा यांनी १९९८ मध्ये बर्कली येथे मंडळ स्थापन केले.

कार्यपद्धती : मंडळातील प्रश्नाचे विधान सोपे, परंतु त्यामागील विचार सखोल असावा लागतो. उदा., फळ्यावर १ ते १० या संख्या लिहिल्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही दोन पुसून त्यांच्या जागी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करून येणारी वजाबाकी लिहावयाची. असे नऊ वेळा केल्यावर उरणारी एकमेव संख्या शून्य असू शकेल काय ? विद्यार्थी प्रथम करून पाहतात. प्रत्येकाचे उत्तर निराळे, परंतु नेहमी विषम येते. असे का, हा खरा प्रश्न येथे निर्माण होतो. अ आणि ब यांच्या जागी (अ – ब) लिहिल्यास फळ्यावरील एकूण बेरीज २ब ने, म्हणजे सम संख्येने, कमी होते. त्यामुळे बेरजेची समविषमता बदलत नाही. प्रारंभीची बेरीज ५५ ही विषम असल्याने शेवटची संख्याही विषमच असते; शून्य येणे अशक्य आहे.

मार्गदर्शक येथे थांबत नाही. १ ते न या संख्या घेतल्यास शून्य केव्हा मिळेल ? बेरीज सम असणे आवश्यक आहे. म्हणजे न ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ उरली पाहिजे. ही अट पुरेशीही आहे, कारण कोणत्याही चार क्रमागत संख्यांपासून (दोन जोड्यांची वजाबाकी प्रत्येकी १ आल्याने) शून्य मिळविता येते आणि १, २, ३ यांपासूनही ते मिळते. अशा रीतीने निश्चल राशी, तसेच आवश्यक व पुरेशी अट या संकल्पना व्याख्येवाचून विद्यार्थ्याच्या हाती येतात.

शिक्षकांची मंडळे : ज्या शिक्षकाने अपरिचित प्रश्नाशी स्वतः झुंज दिलेली नाही, तो विद्यार्थ्यांच्या अपूर्ण प्रयत्नांतील योग्य अंश ओळखू शकत नाही. या जाणिवेतून २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅलो आल्टो येथे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्स या संस्थेत शिक्षकांचे पहिले मंडळ सुरू झाले. त्यात शिक्षक विद्यार्थ्याच्या भूमिकेतून प्रश्न सोडवितात.

भारतातील कार्य : गुजरात गणित मंडळाच्या स्थापनेत प्र. चु. वैद्य यांचा मोठा वाटा होता. सुगणितम् हे गुजराती नियतकालिक या कार्याचे अंग होय. पुणे येथे श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. ही संस्था संशोधनाबरोबरच शालेय विद्यार्थ्यांना ऑलिंपियाडसाठी मार्गदर्शन करीत आली आहे. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भाग घेऊ लागला व १९९६ मध्ये ती स्पर्धा मुंबई येथे झाली. भारतीय संघाच्या प्रशिक्षणात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा महत्त्वाचा वाटा आहे.

मर्यादा व महत्त्व : स्पर्धेत वेळ मर्यादित असतो व क्रम लावला जातो, मंडळात एकच प्रश्न अनेक आठवडे चालू शकतो. मंडळाला केवळ स्पर्धेच्या पूर्वतयारीचे स्वरूप आल्यास सावकाश, पण सखोल विचार करणारा विद्यार्थी मागे पडतो. शिवाय मंडळे स्वयंसेवी गणितज्ञांवर अवलंबून असल्याने विद्यापीठांपासून दूर असलेल्या गावांत ती रुजणे कठीण जाते. तथापि त्यांना लागणारे साहित्य फळा, खडू व चांगला प्रश्न एवढेच असल्याने, प्रशिक्षित शिक्षक लाभल्यास कोणत्याही शाळेत मंडळ चालविता येते.